कुंकू लावलेलं बॉम्बर

मला विणकाम येत नाही. आधीच सांगून मोकळी होते, म्हणजे पुढचा घोळ नीट कळेल. क्रोशाची सुई हातात आली की माझी बोटं एकमेकांत अडखळायची, दोऱ्याचा गुंता व्हायचा आणि तो गुंता मी शेवटी कात्रीने सोडवायची. एकदा आईने रुमालाला हेम घालायला दिली, तर तो रुमाल माझ्याच परकराला शिवला गेला. चहा टाकायला उठले, तर रुमाल बरोबर आला. "हाताला वळण म्हणून नाही पोरीच्या," हे आईचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की एखाद्या दिवशी ते कानावर पडलं नाही, तर आईला बरं नाही की काय असं वाटायचं.

आम्ही तेव्हा नगरजवळ भिंगारला राहत होतो. बाबा मिलिटरीच्या एका स्टोअरमध्ये सिव्हिलियन कारकून होते. ओळीने बांधलेली क्वार्टर्स, पुढे एवढंसं अंगण, आणि समोर तशीच दुसरी ओळ. बांगलादेशचं युद्ध होऊन गेलं होतं, पण ब्लॅकआऊटसाठी खिडक्यांच्या काचांना चिकटवलेला तपकिरी कागद आमच्याकडे अजून तसाच होता, कारण तो काढायचं काम बाबांनी अंगावर घेतलं होतं. बाबांनी अंगावर घेतलं म्हणजे त्या कामाच्या नावाने आंघोळच करायची. त्यांनी जन्मात एकदा भिंतीत खिळा ठोकला, त्यावर कॅलेंडर अडकवलं आणि कॅलेंडर, खिळा आणि भिंतीचा पोपडा असं सगळं मिळून खाली आलं. तरी दुसऱ्याला सल्ला द्यायला सगळ्यात पुढे तेच.

मॅट्रिक झाल्यावर मला घरी बसवली होती. म्हणजे लग्नासाठी. चार स्थळं बघून गेली. एकाला मी उंच वाटले, एकाला सावळी, तिसऱ्याने नुसतंच "कळवतो" म्हणून सांगितलं. चौथ्या मुलाच्या काकांनी मला विचारलं, "मोठ्यांना उलटून बोलत नाहीस ना?" मी म्हटलं, "मोठे काय बोलतात त्यावर आहे." झालं! पोहे अर्धे टाकून मंडळी उठली. त्यानंतर आई कितीतरी दिवस माझ्याशी फक्त भांडी आपटून बोलत होती.

मग मामाने घोडेगावचं स्थळ आणलं. बिजवर, दोन पोरं, गुरांच्या बाजारात दलाली. त्या गृहस्थांनी मुलगी न बघताच होकार पाठवला. मामाला तो केवढा मोठेपणा वाटला! माझं डोकंच फिरलं. घोडेगावच्या बाजारात साधी म्हैस घ्यायची तरी माणूस तिचे दात बघतो, तिला चालवून बघतो. माझ्यासाठी तेवढीही तसदी नाही? पण चिडून काय उपयोग! पावसाने पाठ फिरवली होती, गावोगावी दुष्काळी कामं निघाली होती आणि जो तो आपली मुलगी उजवून मोकळा व्हायच्या घाईत होता. आईने मला निर्वाणीचं सांगितलं, "बेलापूरचे लोक रविवारी येतायत. ते हो म्हणाले तर तुझं नशीब. नाही म्हणाले तर घोडेगाव. मग तोंडातून ब्रसुद्धा काढायचा नाही."

बेलापूर म्हणजे पाटपाण्याचा भाग. त्या साली ज्याच्या रानात पाटाचं पाणी येत होतं, त्याच्या मुलात कोण खोट काढणार? मुलगा साखर कारखान्यात फिटर होता. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती, आत्याने त्याला वाढवलं होतं आणि त्या घरात आत्याचा शब्द शेवटचा होता. मुलाबद्दल मला याहून काही ठाऊक नव्हतं. घोडेगाव टाळायचं तर त्या आत्याने हो म्हणायला हवं, एवढं मात्र मला पक्कं कळत होतं.

आता विमानाचं सांगते. ते त्याच्या आधी काही महिने घरात आलं होतं. बाबांच्या ओळखीचे एक साहेब बदलून गेले, तेव्हा सामान आवरताना त्यांच्या बाईंनी बाबांना एक खोका दिला. खोक्यावर चित्र होतं. मागच्या महायुद्धातलं चार इंजिनांचं इंग्रजी बॉम्बर, खाली जळणारं शहर, आकाशात दिव्यांचे झोत. बाबांनी तो खोका पोटाशी धरून सायकलवरून आणला. झाकण उघडलं तर आत विमान नव्हतंच. आत नुसते तुकडे. वेलीला शेंगा लगडाव्यात तसे प्लॅस्टिकच्या काड्यांना लगडलेले बारीक बारीक तुकडे.

"फुटलंय वाटतं," बाबा म्हणाले.

मग तळाशी चित्रांचा कागद सापडला आणि हे जोडून विमान करायचं असतं असा उलगडा झाला. बाबांनी रविवारी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, चष्मा पुसला आणि घरात कुणी बोलायचं नाही असं फर्मान काढलं. पहिल्याच फटक्याला त्यांनी नखाएवढा पायलट त्याच्या खुर्चीत उलटा चिकटवला, तोंड शेपटीकडे करून. ते ध्यानात यायच्या आत विमानाच्या पोटाचे दोन अर्धे एकमेकांना चिकटवून टाकले, त्यामुळे त्या बिचाऱ्याची सुटका कायमची संपली. मग डावा पंख वर्तमानपत्राला चिकटला. तो ओढून काढला, तर गुळाचे भाव पंखाच्या खालच्या बाजूला उमटले. शेवटी बाबांचा अंगठा शेपटीला चिकटला आणि आईने गोडेतेल लावून तो सोडवला.

"हे काम इंजिनियरचं आहे," बाबा अंगठा चोळत म्हणाले. "आपल्या घरात हे कुणाला जमायचं नाही." खोका माळ्यावर गेला.

'आपल्या घरात कुणाला जमायचं नाही' हे शब्द मला झोंबले. कुणाला म्हणजे? मला कुणी विचारलं होतं का? दुसऱ्या दिवशी आई दुपारची आडवी झाल्यावर मी खोका खाली काढला आणि स्वयंपाकघरात पाटावर तो चित्रांचा कागद पसरून बसले. गोंदाच्या नळीचं तोंड वाळून दगड झालं होतं. मी विळीवर नळीचा खालचा भाग कापला, तर आत अजून ओला गोंद होता. तो सुईच्या टोकावर घेऊन लावायचा. जी सुई जन्मभर माझ्याशी वैर धरून होती, तीच सुई त्या दुपारी माझं ऐकायला लागली. एका तुकड्याची खुंटी दुसऱ्याच्या भोकात शिरायची आणि दोन्ही असे बसायचे की मधे नखसुद्धा जाऊ नये. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आपले हात वाकडे नाहीत, त्यांना आजवर भलतीच कामं दिली होती, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

मग मला दुसरं काही सुचेना. पंख वाळेपर्यंत दाबून ठेवायला मी वरवंटा घ्यायची. एकदा तो पुसायचा राहिला आणि रात्रीच्या जेवणात शेंगदाण्याच्या चटणीला असा काही वास आला की बाबांनी ताट सरकवलं. तिथे माझी चोरी पकडली गेली.

"अगं बाई!" आईने कपाळाला हात लावला. "भरतकाम नाही, विणकाम नाही, आणि बॉम्ब टाकायचं विमान करतेस? कुणाला कळलं तर काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"मुलगी उद्या घरावर बॉम्ब टाकेल म्हणतील!"

पण तिने ते फेकून दिलं नाही. मी ते पूर्ण केलं. बाबांच्या ट्रंकेला लावून उरलेला हिरवा रंग दिला. भिंगारमध्ये तेव्हा ट्रंका, दारं, बादल्या, इतकंच काय, मागच्या ओळीतलं कोंबड्यांचं खुराडंही त्याच हिरव्या रंगाचं असायचं. पंखांवर लावायची गोल चित्रं पाण्यात भिजवून सोडवायची होती. मी ती वाटीत भिजत घातली आणि आईने वाटी उचलून तुळशीत ओतली. एक चित्र मातीतून शाबूत निघालं, दुसऱ्याचा लगदा झाला. मग एका पंखावर छापील गोल आणि दुसऱ्यावर मी हाताने काढलेला. लाल रंगाला आईच्या करंड्यातलं कुंकू, पांढऱ्याला बाबांच्या पानाचा चुना, निळ्याला कपड्यांची नीळ, सगळं डिंकात कालवून. लांबून बघितलं तर फरक कळत नव्हता. आणि चारही इंजिनांचे पंखे असे मोकळे बसवले होते की नुसती फुंकर मारली की चारी गरगरायचे. ते फिरताना बघून मी एकटीच हसायची.

विमान बाहेरच्या खोलीत कपाटावर ठेवायला आईने कशीबशी परवानगी दिली. अट एकच. पाहुण्यांना ते माझं म्हणून सांगायचं नाही.

माझं म्हणून काय सांगायचं, ते ठरलेलंच होतं. मोर. आमच्या समोरच्या ओळीतल्या काकूंनी क्रोशाचा एक टेबलक्लॉथ विणला होता. मधे दोन मोर, चोचीला चोच लावून. त्या मोरांनी आमच्या दोन्ही ओळींतल्या तीन मुली उजवल्या होत्या. मुलगी बघायला कुणी आलं की आदल्या संध्याकाळी काकू पदराखाली झाकून तो घेऊन यायच्या, सकाळी तो टेबलावर पसरायचा आणि पाहुण्यांची नजर गेली की मुलीच्या आईने म्हणायचं, "हिनंच केलंय, फावल्या वेळात." सगळ्या आयांचं वाक्य तेच. माझ्या चारही वेळी मोर टेबलावर होते आणि मी त्यांच्या मागे मान खाली घालून उभी होते. मला त्या मोरांचा असा संताप यायचा की काय सांगू! पण बोलायची सोय नव्हती. सगळेच करत होते आणि काकू बिचाऱ्या मनाने देत होत्या.

या वेळी काकू टेबलक्लॉथ घेऊन आल्या त्या जरा ओशाळल्यासारख्या. गेल्या रविवारी तो नगरला सर्जेपुऱ्यात त्यांच्या भाचीच्या कार्यक्रमाला गेला होता आणि कुणा पाहुणीने त्यावर चहा सांडला होता. धुतला, तरी डाग राहिलाच. "डागावर फुलदाणी ठेवा," काकू म्हणाल्या. "कुणाला दिसतंय!"

रविवारी बेलापूरची मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील आणि आत्या. वडील पटक्याचे, हसऱ्या तोंडाचे. आत्याबाई नऊवारीतल्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि नजर अशी की खोलीत पाऊल टाकताच त्यांनी खिडकीवरचा ब्लॅकआऊटचा कागद बघितला, मग बाबांकडे बघितलं आणि बाबा काय आहेत ते ओळखलं. मुलाकडे मी बघितलं नाही. बघायचं नसतं. त्याच्या हाताची बोटं तेवढी दिसली, नखांच्या कडेला ग्रीसची काळी रेघ असलेली.

पोहे झाले, चहा आला. नाव विचारलं, शिक्षण विचारलं. "चार पावलं चाल, पोरी," आत्याबाई म्हणाल्या. मी चालले. आत्याबाई मोरांकडे बघत होत्या. मग त्यांनी हात पुढे केला आणि फुलदाणी उचलून बाजूला ठेवली.

"हे कुनी केलं म्हनायचं?"

"हिनंच केलंय," आई म्हणाली. "फावल्या वेळात."

"असं व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "गेल्या ऐतवारी आमी सर्जेपुऱ्यात एक पोरगी पायली. तिनं बी ह्येच केलं हुतं. फावल्या वेळात."

आईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. बाबा मदतीला धावले. "पॅटर्न एकच असतो हो. पुस्तकात छापून येतो ना."

"पॅटर्न एकच असंल, पाव्हणं. पन डाग बी पुस्तकात छापून येतो का?" आत्याबाईंनी डागावर बोट ठेवलं. "ह्यो माज्या हातचा हाय. तितं माजीच बशी कलंडली हुती."

आईने पदराचं टोक तोंडात धरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरं सांगू, त्यातसुद्धा कुठेतरी बरं वाटलं. सुटले एकदाची त्या मोरांच्या तावडीतून!

मुलाच्या वडिलांना आमची दया आली असावी. विषय बदलायला त्यांनी कपाटाकडे बोट केलं. "आन् ते इमान? ते बी सर्जेपुऱ्यालाच जाऊन आलंय का?"

"छे छे!" बाबा घाईघाईने म्हणाले. "ते घरचंच. ते मी केलंय."

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"फावल्या वेळात," बाबा म्हणाले.

हातातला ट्रे मी आपटला नाही, हे माझ्यावरचे संस्कार. पण कानशिलं तापली. जे माझं नव्हतं ते माझं म्हणून मांडलं होतं, आणि जे एकच माझं होतं ते अंगठा चिकटवून घेणाऱ्या माणसाच्या नावावर गेलं. तेवढ्यात मुलगा उठला आणि त्याने विमान दोन्ही हातांनी अलगद खाली काढलं. तान्ह्या पोराला घ्यावं तसं. ते मला आवडलं, पण राग तसाच होता.

"काका, ह्यो पायलट उलटा बसलाय," तो म्हणाला.

"तो मागचं बघणारा आहे," बाबा म्हणाले. "लढाईत धोका नेहमी मागूनच असतो."

"मग म्होरलं कोन बघतं?"

"त्याची वेगळी व्यवस्था असते."

मुलाने मान डोलावली. कारखान्यात त्याने असले साहेब बघितले असणार. मग त्याने पंख उजेडाकडे धरला. "ह्या अंगाचा गोल छापील हाय. त्या अंगाचा हातानं काढलाय. बेस काढलाय. रंग कंचा वापरला?"

"इंपोर्टेड," बाबा म्हणाले.

"बघू," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी बोट जिभेला लावलं, गोलावर घासलं आणि बोटाकडे बघितलं. मग नाकाशी नेलं. "हे कुंकू हाय. ही नीळ. आन् ह्यो पानाचा चुना." त्यांनी बोट पदराला पुसलं. "पाव्हणं, तुमी कुंकवाच्या करंड्यात कवापास्नं हात घालाया लागलात?"

मुलाचे वडील असे खो खो हसले की त्यांचा पटका कपाळावर आला. बाबा छताकडे बघायला लागले. मुलगा बिचारा अवघडला. काहीतरी करायचं म्हणून त्याने एका इंजिनाचा पंखा बोटाने फिरवला. फिटरचा हात तो, कारखान्यातले नट आवळणारा. पंखा टचकन निघाला आणि टेबलाखाली गेला.

"पिळता काय त्याला!" मी ओरडले. "फुंकायचं असतं ते! आणा इकडे!"

"अगं..." आई म्हणाली. पण मी कुठली ऐकतेय! टेबलाखाली वाकून पंखा शोधला, अंबाड्यातला आकडा उपसला, केस सगळे पाठीवर आले ते येऊ दिले. मुलाच्या हातातून विमान घेतलं आणि तिथेच जमिनीवर बसून आकड्याच्या टोकाने पंखा जागच्या जागी बसवला. फुंकर मारली. चारी पंखे गरगर फिरले. मग मी विमान टेबलावर ठेवलं, बरोबर त्या चहाच्या डागावर, आणि आत्याबाईंकडे वळले. एवढं झाल्यावर मागे काय ठेवायचं?

"आत्याबाई, मोर माझे नाहीत. मला विणकाम येत नाही आणि पुढेही येईल असं वाटत नाही. हे विमान मी केलंय. पंख, चाकं, कुंकू, सगळं. फक्त तो उलटा माणूस बाबांचा आहे."

पंखे थांबेपर्यंत सगळे पंख्यांकडेच बघत होते. आत्याबाईंनी माझ्या मोकळ्या केसांपासून पायांपर्यंत एकदा बघितलं आणि बशी पुढे केली.

"च्या गार झाला," त्या म्हणाल्या. "दुसरा टाक."

दुसरा चहा पिऊन मंडळी गेली. जाताना मुलाचे वडील म्हणाले, "कळवतो." कळवतो म्हणजे काय, हे आमच्या ओळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

आई मला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसती स्वयंपाकघरात जाऊन बसली आणि पोह्यांच्या पातेल्याकडे बघत रडली. बाबा खिडकीशी उभे राहिले आणि त्यांनी काचेवरचा ब्लॅकआऊटचा कागद नखाने खरवडायला घेतला. एक काच झाली, मग दुसरी, मग तिसरी. संध्याकाळपर्यंत घरातल्या सगळ्या काचा स्वच्छ झाल्या. ती बाबांची माफी होती, हे मला कळलं.

माझा राग उतरला आणि उरली ती नुसती भीती. त्या रात्री मी जेवले नाही. मामाचा निरोप आला की पुढच्या बाजाराच्या दिवशी घोडेगावला जाऊन सुपारी फोडून येतो. मी कपाटावरच्या विमानाकडे बघायची आणि त्यालाच शिव्या घालायची. तू नसतंस, तर मी गप्प बसले असते. गप्प बसले असते तर काय झालं असतं, हा विचार मात्र पुढे नेववत नव्हता.

मामा घोडेगावला निघायच्या आधीच एका सकाळी अंगणात आवाज आला, "हायेत का पाव्हणं घरात?" बघते तर मुलाचे वडील, खांद्यावर गुळाची ढेप, आणि मागे आत्याबाई. आईच्या हातातलं लाटणं खाली पडलं. आत्याबाई चपला काढून आत आल्या, सतरंजीवर बसल्या आणि पाणी प्यायच्या आधीच बोलायला लागल्या.

"ह्या सालात लई घरं पायली, इहीनबाई. जिकडं जावं तिकडं मोर. न्हाईतर ससे, न्हाईतर बदकं. सगळ्या पोरींना समदं येतंय. 'मला येत न्हाई' म्हनून एकीनं बी सांगितलं न्हाई. मी म्हातारी झाले. माज्या मागं माजं घर कुनाच्या हातात द्यायचं? मला खरं बोलनारं मानूस पायजे. मोर काय, बाजारात मिळत्यात."

"आन् पोराचं ऐकलंत का?" मुलाचे वडील हसत म्हणाले. "त्या दिसापास्नं जेवताना बी हसतोय. काय रं झालं म्हनलं, तर म्हनतो, फुंकायचं असतंय ते."

मी दाराआड उभी होते. तोंडात पदर कोंबून हसले. अंगावरून एवढं मोठं ओझं उतरलं की मी तिथेच खाली बसले.

"एकच मागनं हाय," आत्याबाई उठताना म्हणाल्या. "हुंडा नगं, मानपान नगं. ते इमान रुखवतात मांडायचं. मधोमध."

आईने मान हलवली खरी, पण त्या जाताच ती हवालदिल झाली. रुखवत म्हणजे नवरीच्या हातचं कसब. मांडवात टेबलावर मांडायचं, आणि दोन्हीकडच्या बायका येऊन ते वरून खालून तपासणार, नाकं मुरडणार. तिथे लाडू असतात, कुरडया असतात, रंगीत खोबऱ्याची फुलं असतात. तिथे बॉम्ब टाकायचं विमान? "लोक तोंडात शेण घालतील गं माझ्या," आई लग्नापर्यंत म्हणत राहिली. मी काहीच बोलत नव्हते. मला वाटत होतं, ऐनवेळी ती ते कोपऱ्यात लाडवांच्या परातीमागे लपवणार. आणि कुणी विचारलंच तर म्हणणार, आमच्या ह्यांनी केलंय, फावल्या वेळात.

लग्न आमच्या ओळीपुढच्या मोकळ्या जागेत झालं, दुष्काळी साल म्हणून आटोपशीर. मुंडावळ्या बांधून मला मांडवात आणलं, तेव्हा रुखवताभोवती बायकांची गर्दी होती. गर्दीतून मला टेबल दिसलं. खाली काकूंचा टेबलक्लॉथ अंथरला होता. मोरांशिवाय आपल्या ओळीतलं लग्न होत नाही, म्हणून त्यांनीच आणून दिला होता. त्याच्यावर, लाडू आणि कुरडयांच्या मधोमध, माझं विमान. त्याच्या नाकाला हळदकुंकू लावलेलं. पंखांवर अक्षता. घरात नवी वस्तू आली की आई तिला कुंकू लावायचीच. रेडिओला लावलं होतं, स्टोव्हला लावलं होतं. विमानाला मात्र आजवर तिने बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"ह्ये काय वो?" बेलापूरकडची एक बाई विचारत होती. "कुनी केलं?"

आई टेबलाशी उभी होती. पाच वेळा माझ्या वतीने खोटं बोलून दमलेली माझी आई. तिने पदर सावरला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाली:

"विमान माझ्या मुलीनं केलंय. हाताला वळण आहे हो माझ्या पोरीच्या! मोर आमच्या समोरच्या काकूंचे. आणि आत तो उलटा माणूस दिसतोय ना, तो आमच्या ह्यांचा."

मग ती वाकली आणि तिने फुंकर मारली.

मला असं काही रडू फुटलं की मुंडावळ्या भिजल्या. बायका एकमेकींना म्हणाल्या, पोरीला माहेर सुटतंय, दुसरं काय. माहेर सुटत होतंच. पण रडू त्याचं नव्हतं.